डॉ. आनंदीबाई जोशी: परदेशातले शिक्षण, बदललेला आहार आणि क्षयरोग

तुमच्या घरातले कोणी परदेशात शिकायला गेले असेल, तर फोनवरचे तुमचे प्रश्न ठरलेले असतील. जेवण झाले का? थंडी फार आहे का? झोप होते ना? आणि पलीकडून उत्तरही ठरलेले येते, की सगळे ठीक आहे. या उत्तरावर किती विसंबायचे, हे समजून घ्यायचे असेल तर डॉ. आनंदीबाई जोशी यांचे आयुष्य एकदा डॉक्टरच्या नजरेने पाहा. पहिल्या भारतीय महिला डॉक्टरांपैकी एक म्हणून त्या तुम्हाला माहीत आहेतच. पण त्या परदेशात एकट्या राहणाऱ्या विद्यार्थिनी होत्या आणि नंतर रुग्णही होत्या, ही बाजू सहसा मागे पडते.

निघतानाच तब्येत नाजूक

आनंदीबाईंचा जन्म ३१ मार्च १८६५ चा. माहेरचे नाव यमुना, घर कल्याणचे. नवव्या वर्षी त्यांचे लग्न पोस्टात नोकरी करणाऱ्या गोपाळराव जोशी यांच्याशी झाले. ते वयाने बरेच मोठे आणि बिजवर होते. पत्नीने शिकलेच पाहिजे, हा त्यांचा हट्ट होता. चौदाव्या वर्षी आनंदीबाईंना मुलगा झाला आणि योग्य उपचारांअभावी दहा दिवसांतच गेला. डॉक्टर व्हायचे, हा त्यांचा निश्चय या दुःखातून आला.

अमेरिकेतल्या न्यू जर्सी राज्यात रोझेल नावाच्या गावी थिओडिशिया कार्पेंटर या बाई राहत. आनंदीबाईंची हकीकत त्यांच्या वाचनात आली आणि त्यांनी पत्र लिहिले. पुढे आनंदीबाई त्यांना मावशी मानू लागल्या. त्या वेळी गोपाळरावांची नोकरी बंगालमध्ये श्रीरामपूरला होती. आनंदीबाईंना अशक्तपणा, सततची डोकेदुखी, अधूनमधून ताप आणि कधी कधी धाप असा त्रास होत होता. कार्पेंटरबाईंनी अमेरिकेहून औषधे पाठवली, पण गुण आला नाही. तरीही ७ एप्रिल १८८३ ला कलकत्त्याहून त्या बोटीत बसल्या. गोपाळराव बरोबर नव्हते. ४ जूनला त्या न्यूयॉर्कला उतरल्या, तेव्हा त्यांना अठरावे वर्ष नुकतेच पूर्ण झाले होते.

फिलाडेल्फियातले दिवस

ऑक्टोबर १८८३ मध्ये त्यांनी फिलाडेल्फियाच्या महिला वैद्यकीय महाविद्यालयात प्रवेश घेतला. रेचल बॉडली या तिथल्या प्रमुख होत्या. साडी सोडायची नाही आणि मांसाहार करायचा नाही, हे आनंदीबाई ठरवूनच गेल्या होत्या. यात हट्टापेक्षा जबाबदारीची जाणीव जास्त होती. परत येऊन ज्या बायकांवर उपचार करायचे, त्यांनी आपल्याला परकी मानू नये, याची त्यांना काळजी होती.

पण शरीराला याची किंमत मोजावी लागते. कल्याणच्या हवेत वाढलेली मुलगी बर्फ पडणाऱ्या गावात आली. नऊवारीत पोटऱ्या उघड्या राहतात, म्हणून त्यांनी पाय झाकणारी गुजराती पद्धतीची साडी नेसायला सुरुवात केली. जेवणाचा प्रश्न याहून अवघड होता. घरी वरण, भात, भाजी, ताक असे रोजचे ताट असते. तसे ताट जिथे मिळत नाही, तिथे शाकाहारी माणसाचे जेवण ब्रेड आणि बटाट्यावर येऊन थांबते. पोट भरते, पण प्रथिने, लोह आणि बी-१२ कमी पडत जातात. त्यात परक्या भाषेतला वैद्यकीय अभ्यास आणि परीक्षा.

आजच्यासारखा व्हिडिओ कॉल नव्हता. घरच्या पत्राला कित्येक आठवडे लागत आणि पत्रात नेहमी धीरच असे, असेही नाही. गोपाळरावांच्या लिहिण्यात संशयही डोकावत असे. आधार होता तो कार्पेंटरमावशींचा आणि कॉलेजातल्या मैत्रिणींचा. जपानच्या के ओकामी आणि सीरियाच्या सबात इस्लामबूली त्याच कॉलेजात शिकत होत्या. १० ऑक्टोबर १८८५ ला काढलेले या तिघींचे छायाचित्र तुम्ही पाहिले असेल. तिघीही आपापल्या देशाच्या पोशाखात आहेत.

पदवी मिळाली, तब्येत गेली

प्राचीन हिंदूंच्या प्रसूतिशास्त्रावर प्रबंध लिहून ११ मार्च १८८६ ला त्या डॉक्टर झाल्या. समारंभाला पंडिता रमाबाई हजर होत्या. कोल्हापूरच्या अल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटलमध्ये स्त्रियांच्या विभागाची जबाबदारी त्यांना मिळाली. पण तोवर क्षयाने त्यांना गाठले होते. १८८६ च्या अखेरीस त्या मायदेशी आल्या त्या आजारी अवस्थेतच. कोल्हापूरचे काम हाती घेणे झालेच नाही. २६ फेब्रुवारी १८८७ ला पुण्यात त्यांचे निधन झाले. बावीस वर्षेही पूर्ण झाली नव्हती. त्यांच्या अस्थी कार्पेंटरमावशींकडे पाठवण्यात आल्या आणि न्यूयॉर्क राज्यातल्या पोकिप्सी इथे त्या कुटुंबाच्या दफनभूमीत ठेवल्या गेल्या.

मग परदेशी जाणे चुकले का?

आमच्याकडे येणारे अनेक पालक असाच निष्कर्ष काढतात. तो बरोबर नाही. थंडीने क्षय होत नाही, समुद्र ओलांडल्यानेही होत नाही. क्षय जंतूमुळे होतो आणि हा जंतू रॉबर्ट कॉख यांनी मार्च १८८२ मध्ये, म्हणजे आनंदीबाई निघण्याच्या जेमतेम वर्षभर आधी जगापुढे मांडला होता. तो शरीरात वर्षानुवर्षे गप्प पडून राहू शकतो. अपुरे पोषण आणि अशक्तपणा यांमुळे प्रतिकारशक्ती घटली की तो डोके वर काढतो.

आनंदीबाईंच्या काळी क्षयावर औषधच नव्हते. त्यावरचे पहिले परिणामकारक प्रतिजैविक, स्ट्रेप्टोमायसिन, १९४३ मध्ये सापडले, त्यांच्या मृत्यूनंतर ५६ वर्षांनी. आज साधा क्षय नियमित औषधांनी साधारण सहा महिन्यांत बरा होतो. त्यामुळे मुलीला पाठवू नका, असे आम्ही म्हणणार नाही. पाठवा, पण तब्येतीची चौकशी नीट करा.

तुम्ही काय करू शकता?

- जाण्याआधी हिमोग्लोबिन, बी-१२ आणि ड जीवनसत्त्व तपासून घ्या. कमतरता असेल तर निघण्यापूर्वीच उपचार सुरू करा.
- ब्रिटनसारख्या काही देशांच्या व्हिसासाठी छातीचा एक्स-रे काढावा लागतो. तो स्वच्छ आला म्हणजे पुढे क्षय होणारच नाही, असे नाही. गप्प बसलेला जंतू एक्स-रेमध्ये दिसत नाही.
- फोनवर नेमके विचारा. आज काय खाल्ले? वजन किती आहे? रात्री घाम येतो का? खोकला किती दिवस आहे? नेमक्या प्रश्नाला खरे उत्तर मिळण्याची शक्यता जास्त असते.
- शाकाहारी असल्यास डाळी, दूध, दही, पनीर, सोया आणि शेंगदाणे रोजच्या खाण्यात हवेत. वरणभाताचा कुकर लावता येणे, हीसुद्धा जाण्याची तयारीच आहे.
- दोन आठवड्यांहून जास्त खोकला, संध्याकाळचा बारीक ताप, वजन घटणे किंवा थुंकीतून रक्त यांपैकी काहीही असेल तर परीक्षा संपण्याची वाट पाहू नका. लगेच डॉक्टरांना दाखवा.
- क्षयाचे निदान झाले तर लपवू नका. भारतात सरकारी केंद्रांत तपासणी व औषधे मोफत आहेत आणि निक्षय पोषण योजनेतून आहारासाठी महिन्याला १,००० रुपये मिळतात. ब्रिटनमध्येही क्षयाचे उपचार विद्यार्थ्यांना मोफत मिळतात.
- बरे वाटले म्हणून गोळ्या मध्येच बंद करू नका. घरातल्या इतरांचीही तपासणी करून घ्या.

आनंदीबाईंकडे जिद्द होती, मावशीची माया होती, मैत्रिणींची सोबत होती. नव्हते ते फक्त औषध. ते आज तुमच्या जवळच्या आरोग्य केंद्रात आहे. घरात कोणाला खोकला रेंगाळत असेल, तर आजच त्यांना घेऊन तिथे जा.