जेम्स लिंड : छापील पुराव्याची बेचाळीस वर्षे

अठराव्या शतकात ब्रिटिश आरमाराला शत्रूच्या तोफांपेक्षा स्कर्व्हीचे भय अधिक होते. हिरड्या सुजत, जुन्या जखमा पुन्हा उघडत आणि धडधाकट खलाशी काही आठवड्यांत दगावत.

एडिंबरो येथे १७१६ मध्ये जन्मलेले जेम्स लिंड १७३९ मध्ये आरमारात शल्यवैद्याचे मदतनीस झाले. मे १७४७ मध्ये ‘सॅलिस्बरी’ या युद्धनौकेवर त्यांनी स्कर्व्हीचे १२ रुग्ण निवडले, सर्वांचा आहार सारखा ठेवला आणि दोघादोघांच्या सहा जोड्या केल्या. पाच जोड्यांना अनुक्रमे सफरचंदाचे मद्य, सौम्य गंधकाम्ल, व्हिनेगर, समुद्राचे पाणी व लसूण-मोहरीचे चाटण दिले. सहावीला रोज दोन संत्री व एक लिंबू. फळे सहा दिवसांतच संपली, पण तोवर त्या जोडीतील एकजण कामावर परतण्याजोगा झाला होता.

खरी मौज पुढेच आहे. लिंड यांचा ग्रंथ १७५३ मध्ये प्रसिद्ध झाला, मात्र त्या जाडजूड ग्रंथात या प्रयोगाच्या वाट्याला काही परिच्छेदच आले. खुद्द लिंडही दमट हवा आणि बिघडलेले पचन यांनाच रोगाचे मूळ मानत राहिले. रस टिकावा म्हणून तो आटवून ठेवण्याची शिफारस त्यांनी केली. आटवताना क जीवनसत्त्व मोठ्या प्रमाणात नष्ट होते, हे तेव्हा कोणास ठाऊक असणार? साहजिकच ज्यांनी हा आटीव रस वापरला, त्यांना गुण दिसेना.

त्यात १७७६ मध्ये रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात कॅप्टन कुक यांचा लेख आला. त्यात माल्टच्या काढ्याची प्रशंसा होती आणि आटीव रसाविषयी अनुत्साह. सोसायटीचे अध्यक्ष जॉन प्रिंगल हे नामांकित वैद्य. त्यांचाही कौल काढ्यालाच. वैद्यांनी मोजून केलेल्या प्रयोगापेक्षा मोठ्या नावांवर विश्वास ठेवला, आणि त्याची किंमत खलाशांनी मोजली.

१७५८ पासून हॅस्लर येथील आरमारी रुग्णालयाचे प्रमुख असलेले लिंड १७८३ मध्ये निवृत्त झाले. १३ जुलै १७९४ रोजी त्यांचे निधन झाले. त्याच वर्षी मद्रासकडे निघालेल्या ‘सफोक’ जहाजावर खलाशांना लिंबाचा रस नित्य देण्यात आला. सुमारे २३ आठवड्यांच्या प्रवासात स्कर्व्हीने एकही बळी घेतला नाही. दरबारी वजन असलेले वैद्य गिल्बर्ट ब्लेन यांनी पाठपुरावा केला आणि १७९५ मध्ये आरमाराने लिंबाचा रस पुरविण्यास मान्यता दिली. हा रस आटवलेला नव्हता.