तबकडीत उरलेले गंधर्वयुग

छत्रपती संभाजीनगरातील संत एकनाथ रंगमंदिरात नाट्यसंगीताची मैफल असली, की पहिल्या काही रांगांतील मंडळी लगेच ओळखू येतात. केस पांढरे झालेले, सोबत आणून सोडणारा मुलगा किंवा नातू, आणि पेटीवर पहिले सूर उमटताच आपोआप डोलू लागणारी मान. गाणारा मनापासून गायला तर त्याला भरभरून दाद मिळते. मध्यंतरात चहाचा कप हाती आला की मात्र बोलणे निघते ते वेगळ्याच गाण्याविषयी. वडिलांनी हौसेने आणलेला ग्रामोफोन, त्याला किल्ली देण्यावरून भावंडांत होणारी भांडणे, आणि त्यातून ऐकलेले बालगंधर्व! बालगंधर्वांना जाऊन अर्धशतक उलटून गेले. त्यांना ऐन उमेदीत रंगमंचावर पाहिलेला प्रेक्षक आता जवळजवळ उरलेला नाही. या मंडळींनी त्यांना पाहिलेले नाही, फक्त ऐकलेले आहे, आणि तेही तीन-सव्वातीन मिनिटांच्या तुकड्यांत.

मराठवाड्याच्या बाबतीत हे अधिकच खरे. हा प्रदेश सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता. गंधर्व नाटक मंडळीचे मोठे मुक्काम असत ते मुंबई, पुणे, बडोदे, नागपूर-वऱ्हाड अशा ठिकाणी. इथल्या रसिकाला मुंबई-पुण्याचे नाटक पाहायचे तर मीटरगेजच्या गाडीने मनमाड गाठायचे आणि तेथे गाडी बदलायची. ज्यांना हे परवडत नव्हते, त्यांच्या घरी नाटक आले ते तबकडीच्या रूपाने. गंमत अशी, की ज्या माणसाने आयुष्यात कधी कशातच काटकसर केली नाही, तो बहुसंख्य रसिकांना भेटला तो असा अगदी काटकसरीच्या साच्यात.

नारायण श्रीपाद राजहंस यांचा जन्म २६ जून १८८८ चा. घराणे मूळचे कृष्णाकाठच्या नागठाण्याचे. मुलाचा गळा गोड आहे हे फार लवकर लक्षात आले आणि बालवयातच जळगावी मेहबूब खाँ यांच्याकडे त्याचे गाण्याचे शिक्षण सुरू झाले. दहा वर्षांच्या नारायणाचे गाणे पुण्यात लोकमान्य टिळकांनी ऐकले आणि त्यांच्या तोंडून बालगंधर्व हे नाव निघाले, असे सांगतात. नाव कायमचे चिकटले. पुढे कोल्हापूरच्या शाहू महाराजांची या मुलावर मर्जी बसली. त्याला कानाचे दुखणे होते, त्यावर महाराजांच्या साहाय्याने मिरजेत उपचार झाले. भाऊराव कोल्हटकर १९०१ मध्ये गेल्यापासून किर्लोस्कर नाटक मंडळी तशाच तोलाच्या स्त्रीभूमिका करणाऱ्या नटाच्या शोधात होती. १९०५ मध्ये नारायणराव मंडळीत दाखल झाले आणि शकुंतलेच्या भूमिकेत रंगमंचावर उभे राहिले.

१२ मार्च १९११ रोजी मुंबईत कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांच्या 'मानापमान'चा पहिला प्रयोग होता. चाली गोविंदराव टेंबे यांच्या, भामिनी अर्थातच नारायणरावांची. त्याच दिवशी त्यांची तान्ही मुलगी दगावली. प्रयोग रद्द करावा असे साऱ्यांनाच वाटले असणार. नारायणरावांनी तो केला, आणि भामिनीच्या नखऱ्यात त्या दिवशी कुठे उणीव दिसली नाही असे पाहणाऱ्यांनी सांगून ठेवले आहे. या प्रसंगाची आठवण आजवर कर्तव्यनिष्ठेचा धडा म्हणून असंख्य वेळा सांगितली गेली. आम्हाला मात्र त्यात निष्ठेपेक्षा काहीतरी अधिक अस्वस्थ करणारे दिसते. रंगमंचाबाहेर या माणसाला दुसरे घर नव्हतेच की काय, अशी शंका त्यांच्या पुढच्या आयुष्याकडे पाहताना वारंवार येते.

१९१३ मध्ये टेंबे आणि गणपतराव बोडस यांच्यासह त्यांनी गंधर्व नाटक मंडळी काढली. कालांतराने हे दोघेही बाहेर पडले आणि साऱ्या कारभाराचा भार एकट्या नारायणरावांवर आला. तो वाहण्याचा त्यांचा पिंड नव्हता. पण रंगमंचावर जे घडत होते ते विलक्षण होते. १९१६ मध्ये 'स्वयंवर' आले. त्याच्या चाली भास्करबुवा बखले यांच्या. ग्वाल्हेर, आग्रा आणि जयपूर या तिन्ही घराण्यांची विद्या पचवलेल्या या गुरूने शिष्याच्या गळ्यात रुक्मिणीच्या निमित्ताने अस्सल रागसंगीत घातले. नाटकातील पदे पन्नासच्या पुढे. त्यांवर वन्समोअर पडत, एकेक पद दर वेळी नव्या अंगाने फुलत जाई आणि रात्री सुरू झालेला खेळ पहाटेपर्यंत चाले. तबल्याला अहमदजान थिरकवा, सारंगीला कादरबक्ष, जोडीला ऑर्गन. नाटकाला अशी साथ, ही त्या काळी केवढी चैन! याशिवाय खरे भरजरी शालू, नाट्यगृहात दरवळणारी अत्तरे, दर नाटकाला नवे पडदे. त्यांची केशरचना, त्यांचे नेसणे, त्यांचे दागिने पाहून घरोघरच्या स्त्रिया तशा नटू लागल्या.

याच नटाने १९१९ मध्ये राम गणेश गडकऱ्यांच्या 'एकच प्याला'त फाटके लुगडे नेसून सिंधू उभी केली. गडकरी त्यापूर्वी काही आठवडेच आधी निवर्तले होते. या नाटकातील चालींसाठी सुंदराबाई जाधव यांचे साहाय्य झाले, हेही येथे नमूद केले पाहिजे, कारण सुंदराबाई स्वतः ध्वनिमुद्रिकांच्या दुनियेतील मोठे नाव. रुक्मिणीची झगमग उतरवल्यावरही प्रेक्षक तेवढाच खिळून राहतो, हे सिंधूने सिद्ध केले.

८ जुलै १९२१ ची रात्र संगीत रंगभूमीच्या इतिहासात कायमची नोंदली गेली. टिळक स्वराज्य फंडासाठी मुंबईत 'मानापमान'चा संयुक्त प्रयोग झाला. बालगंधर्वांची भामिनी आणि प्रतिस्पर्धी ललितकलादर्श मंडळीचे केशवराव भोसले यांचा धैर्यधर. अवघ्या तीन महिन्यांत, ४ ऑक्टोबर १९२१ रोजी केशवराव गेले. त्या रात्रीचे ध्वनिमुद्रण नाही. त्या काळच्या यंत्राला ते शक्यही नव्हते. उरली ती ऐकणाऱ्यांची वर्णने, आणि ती ऐकून आपण कधीही न पाहिलेल्या प्रयोगाविषयी हळहळणाऱ्या पुढच्या पिढ्या.

वैभवाच्या पाठोपाठ कर्जही आले. १९२० च्या 'द्रौपदी'वर झालेला खर्च डोळे दिपवणारा होता. मंडळीवरील देण्याचा आकडा लाखाच्या घरात गेल्याचे उघड झाले, तेव्हा मदतीला धावणारे धनिक होते. नारायणरावांनी ते कर्ज गाऊन फेडायचे ठरवले आणि काही वर्षे अक्षरशः रात्रीचा दिवस करून फेडले. त्यांच्या उधळेपणाला राजेपणा म्हणण्याची आपल्याकडे रीत पडली आहे. तो राजेपणा होताच. पण हिशेबाची वही दुसऱ्याच्या हाती सोपवून निर्धास्त होणारा राजा कंपनीला परवडत नाही, हेही तितकेच खरे. मुक्त झालेला पाय पुन्हा त्याच चिखलात रुतला.

आता तबकडीकडे वळू. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकापासूनच बालगंधर्वांच्या ध्वनिमुद्रिका निघू लागल्या होत्या. सुरुवातीच्या काळात मायक्रोफोन नव्हता. मोठ्या भोंग्यात तोंड घालून गायचे, आवाजाच्या कंपनांनी मेणावर रेघ उमटायची आणि त्यावरून लाखेच्या तबकड्या निघायच्या. तबकडी मिनिटाला ७८ फेरे घेई. एका बाजूला जेमतेम तीन-सव्वातीन मिनिटे मावत. ज्या पदाला नाट्यगृहात अर्धा तास लागे, ते या वेळात आटोपायचे! विद्युत ध्वनिमुद्रण १९२५ च्या सुमारास आले, आवाज स्वच्छ झाला, वेळ मात्र वाढला नाही.

तरीही या तबकड्या लक्षपूर्वक ऐकाव्यात. शब्द कुठे तोडलेला नाही. तान आहे, पण पदाच्या अर्थावर कुरघोडी करणारी नाही. लयीत किंचित मागे रेंगाळून समेवर अलगद येण्याची ती लकब तेवढ्या अवधीतही पुरेपूर उतरली आहे. नाट्यगृहातील विस्तार गेला, हे नुकसान मोठेच. पण तो गेल्यामुळेच गायकीचा सांगाडा किती पक्का होता हे कळते. उधळ्या माणसाच्या गळ्यात एवढा संयम कुठून आला, याचे उत्तर बहुधा भास्करबुवांच्या तालमीत असावे.

१९३१ मध्ये बोलपट आला आणि नाटक मंडळ्यांची घडी विस्कटली. तोवर हिराबाई बडोदेकरांसारख्या स्त्रिया रंगमंचावर उभ्या राहू लागल्या होत्या. पुरुषाने स्त्री साकारण्याचा काळ सरत आला होता. १९३४ अखेर गंधर्व मंडळीचे काम थांबले आणि बालगंधर्व 'प्रभात'कडे गेले. व्ही. शांताराम यांनी त्यांच्यासाठी निवडलेली भूमिका आपल्या पैठणच्या संत एकनाथांची! अस्पृश्यतेविरुद्ध उभ्या राहिलेल्या नाथांच्या या चित्रपटाचे नाव 'महात्मा' ठरले होते. गांधीजींच्या आठवणीने सेन्सॉर बिचकले आणि १९३५ मध्ये तो 'धर्मात्मा' म्हणून पडद्यावर आला. संगीत मास्टर कृष्णराव यांचे, म्हणजे भास्करबुवांच्याच शिष्याचे.

चित्रपटाला अपेक्षित यश मिळाले नाही. नायक सत्तेचाळीस वर्षांचा. ज्यांनी वर्षानुवर्षे भामिनी, रुक्मिणी आणि सिंधू पाहिली, त्यांना धोतर-उपरण्यातील बालगंधर्व परके वाटले. स्वतः त्यांनाही कॅमेऱ्यापुढचे तुटक काम मानवले नाही. समोर मायबाप रसिक नाहीत, वन्समोअर नाही, तर गायचे कोणासाठी? भागीदारी एका चित्रपटातच संपली. गोदाकाठच्या आपल्या माणसांना मात्र या चित्रपटाचे अप्रूप वाटावे, असे आम्हाला नेहमी वाटत आले आहे. ज्या संतांचे नाव आपल्या रंगमंदिराला आहे, त्यांच्याच रूपात संगीत रंगभूमीचा हा सम्राट प्रथम पडद्यावर आला, हा योग जुन्या मंडळींपैकीही थोड्यांनाच ठाऊक असतो.

त्यानंतर ते पुन्हा नाटकाकडे वळले. १९३८ च्या सुमारास गोहराबाई कर्नाटकी मंडळीत आल्या. त्यांनी बालगंधर्वांची गायकी इतकी आत्मसात केली होती, की ध्वनिमुद्रिका ऐकताना नवखा माणूस फसावा. पुढे त्या त्यांच्या जीवनसाथी झाल्या. समाजाने या नात्याला नाके मुरडली, जुने स्नेही दुरावले, त्याविषयीचे वाद अजूनही मिटलेले नाहीत. उतारवयात पाय लुळे पडले तेव्हा सांभाळायला गोहराबाई होत्या, एवढे निश्चित. याच काळात पदांची जागा भजनांनी घेतली. त्या भजनांच्या तबकड्या आपल्याकडच्या वारकरी घरांतही पोहोचल्या असतील, तर नवल नाही.

१९५५ मध्ये संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार आणि १९६४ मध्ये पद्मभूषण असे सन्मान लाभले. गोहराबाई त्याच १९६४ साली गेल्या. १५ जुलै १९६७ रोजी पुण्यात बालगंधर्वांनी देह ठेवला. पुण्यातील ज्या रंगमंदिराला त्यांचे नाव मिळाले, त्याची कोनशिला १९६२ मध्ये त्यांच्याच हस्ते बसली होती. ते रसिकांसाठी खुले झाले २६ जून १९६८ रोजी, त्यांच्या जन्मदिनी. तो पाहायला ते नव्हते.

पुढे त्यांच्या गाण्यांच्या एलपी निघाल्या, कॅसेट आल्या, २०११ मध्ये त्यांच्या जीवनावर चित्रपट आला आणि नव्या पिढीला नाव कळले. आता ती सारी पदे मोबाइलवरही सापडतात. नातवाने ती लावून दिली की आजोबा ऐकतात, खूश होतात, आणि थोड्या वेळाने कुरकुर करतात. एक पद संपताच दुसरे आपोआप सुरू होते, ही त्यांची तक्रार. पूर्वी तबकडी उलटायची, सुई बदलायची, किल्ली द्यायची. तेवढ्या वेळात आधीचे पद मनात पुरते गाऊन होत असे.