अ‍ॅन हचिन्सन : एका निर्भय घराण्याची लेक

वारसा म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे जमीनजुमला येतो. परंतु बापाकडून लेकीला निर्भयपणाचाही वारसा मिळतो. अ‍ॅन हचिन्सन यांच्या घराण्याची हकीकत तीच साक्ष देते.

अ‍ॅन यांचा जन्म १५९१ साली इंग्लंडमधील आल्फोर्ड गावी झाला. वडील फ्रान्सिस मार्बरी हे पाद्री. अपात्र माणसे पाद्री नेमली जातात, असे त्यांनी १५७८ साली लंडनच्या बिशपला तोंडावर सुनावले आणि तुरुंगवास पत्करला. अशा बापाच्या घरी अ‍ॅन बायबल वाचून स्वतः विचार करावयास शिकल्या. १६१२ साली त्यांचा विवाह कापडाचे व्यापारी विल्यम हचिन्सन यांच्याशी झाला. त्यांना पंधरा मुले झाली.

१६३४ साली हे कुटुंब अमेरिकेतील बोस्टन वसाहतीत आले. तेथील प्युरिटन लोक धर्माच्या जाचाला कंटाळूनच इंग्लंड सोडून आले होते. अ‍ॅन बाळंतिणींची सेवा करीत, घरी सभा घेऊन धर्मग्रंथाचा अर्थ सांगत. आधी बायका, मग पुरुषही येऊ लागले. बाह्य आचरणाने मुक्ती मिळत नाही, ती केवळ ईश्वरी कृपेने मिळते, हे त्यांचे म्हणणे धर्मोपदेशकांना झोंबले.

नोव्हेंबर १६३७ मध्ये खटला उभा राहिला. गव्हर्नर जॉन विन्थ्रॉप हेच आरोप करणारे आणि हेच न्याय देणारे! मग निकाल काय लागणार, हे सांगावयास हवे काय? अ‍ॅन यांना हद्दपारीची शिक्षा झाली. मार्च १६३८ मध्ये चर्चनेही त्यांना बहिष्कृत केले. त्या उठून निघाल्या, तेव्हा मेरी डायर नावाची एकच बाई त्यांच्याबरोबर बाहेर पडली. पुढे १६६० साली क्वेकर पंथासाठी तिला बोस्टनमध्येच फाशी झाली.

अ‍ॅन यांचे पती त्यांच्या पाठीशी राहिले. दोघे ऱ्होड आयलंडला गेले. पतीच्या निधनानंतर त्या मुलांसह न्यू नेदरलँड या डच वसाहतीत राहिल्या. १६४३ च्या आरंभी तेथील डच गव्हर्नरच्या हुकुमाने मूळ रहिवाशांची कत्तल झाली होती. त्या वैराच्या वणव्यात त्याच वर्षी अ‍ॅन आणि त्यांची बरीच मुले मारली गेली. सत्ताधाऱ्याच्या पापाचे प्रायश्चित्त निरपराध्यांना भोगावे लागले.

परंतु वारसा मेला नाही. धाकटी बहीण कॅथरीन स्कॉट हिने १६५८ साली बोस्टनमध्ये क्वेकरांची बाजू घेतली व चाबकाचे फटके खाल्ले. अ‍ॅन यांची हद्दपारी मात्र १९८७ साली, साडेतीनशे वर्षांनी, मॅसॅच्युसेट्सच्या गव्हर्नरने रद्द केली.

वाचकहो, जाचातून सुटलेला माणूस सत्ता हाती येताच दुसऱ्याला जाचू लागतो, हे या चरित्रातून ओळखा. स्वतःसाठी मागितलेले स्वातंत्र्य शेजाऱ्यालाही देतो, तोच खरा मुक्त झाला.