नील्स हेन्रिक आबेल : एक अल्पायुषी गणिती

वर्गसमीकरण सोडविण्याची रीत आपण सर्वांनीं शाळेंत पाठ केलेली असते. त्रिघाती व चतुर्घाती समीकरणांच्या रीति सोळाव्या शतकांत इटलींतील गणित्यांनीं शोधून काढल्या. त्यानंतर सुमारें पावणेतीनशें वर्षें पंचघाती समीकरणाची तशीच रीत मिळविण्यासाठीं मोठमोठे पंडित झटले. ती कोणासहि लाभली नाहीं. तशी सर्वसाधारण रीत असूंच शकत नाहीं, हें निर्विवादपणें सिद्ध करणाऱ्या नॉर्वे देशांतील एका तरुणाचें चरित्र आम्ही आमच्या विद्यार्थी-वाचकांस थोडक्यांत सांगणार आहों.

आबेलाचा जन्म ता. ५ ऑगस्ट १८०२ रोजीं झाला. त्याचे वडील खेड्यांतील धर्मोपदेशक असून त्याचें प्रारंभींचें शिक्षण त्यांच्याच हाताखालीं झालें. १८१५ सालीं तो राजधानी ख्रिस्तियानिया, म्हणजे आजचें ऑस्लो, येथील कॅथीड्रल शाळेंत दाखल झाला. तेथील गणिताचे शिक्षक मुलांस निर्दयपणें मारीत. १८१७ त त्यांनीं मारलेला एक विद्यार्थी पुढें थोड्याच दिवसांत मरण पावला, तेव्हां त्यांस दूर करण्यांत आलें. त्यांच्या जागीं बेर्न्ट मिकाएल होल्म्बो हे तरुण शिक्षक आले.

एका दुर्दैवी घटनेंतून आबेलाचा भाग्योदय झाला, असें म्हणावें लागतें. होल्म्बो मुलांस स्वतंत्र विचाराचीं उदाहरणें घालीत. आबेलाची बुद्धि त्यांनीं तेव्हांच हेरली, आणि न्यूटन, ऑयलर, लाग्रांज यांचे ग्रंथ त्याला वाचावयास लाविले. १८२० त वडील वारले. घरीं दारिद्र्य आलें व आई आणि भावंडें यांची काळजी या मुलावर पडली. त्याचें शिक्षण तेथेंच थांबावयाचें. परंतु होल्म्बोंनीं मदत मिळवून दिली, आणि पुढें विद्यापीठांतील प्राध्यापकांनीं पदरचे पैसे घालून त्याला पोसलें.

शाळेंतील अखेरच्या वर्षीं आबेलाला वाटलें कीं, आपणांस पंचघाती समीकरणाची रीत सांपडली. शिक्षकांस तींत दोष दिसेना, म्हणून ती कोपनहेगन येथील देगेन या पंडिताकडे पाठविण्यांत आली. त्यांनीं एवढेंच सुचविलें कीं, या रीतीनें एक प्रत्यक्ष उदाहरण सोडवून दाखवावें. उदाहरण करूं जातां आबेलाची चूक त्यालाच उमगली. मात्र तो खचला नाहीं. रीत सांपडत नाहीं याचें कारण ती मुळीं नसणें हेंच तर नसेल ना, असा उलट प्रश्न त्यानें हातीं घेतला. इटलीच्या रुफिनीनें १७९९ त तशी सिद्धता मांडली होती, पण तींत उणीव राहिली होती. आबेलानें आपली सिद्धता १८२४ त स्वखर्चानें छापली. खर्च वांचावा म्हणून ती अवघ्या सहा पानांत कोंबली होती.

या सिद्धतेचें मर्म समीकरणाच्या उत्तरांची अदलाबदल करण्यांत आहे. एका बाकावर गोविंद, मार्था व यशवंत या क्रमानें बसले आहेत असें समजा. प्रथम पहिल्या दोन जागांची अदलाबदल करा, मग शेवटल्या दोन जागांची. क्रम होईल मार्था, यशवंत, गोविंद. आतां हीच कृत्यें उलट क्रमानें करा. क्रम होईल यशवंत, गोविंद, मार्था. म्हणजे आधीं काय व मागून काय, यानें फळ बदलतें. तिघांची अशी मांडणी ६ प्रकारें, चौघांची २४ व पांचांची १२० प्रकारें होते. अशा फेरबदलांच्या समुदायाला आज ‘गट’ म्हणतात. बेरजेंत मात्र ३ आणि ५ कोणत्याहि क्रमानें घेतले तरी ८ च होतात. जेथें क्रमानें फळ बदलत नाहीं, अशा गटाला पुढील गणित्यांनीं ‘आबेली गट’ हें नांव दिलें. कारण ज्या समीकरणांच्या उत्तरांचे फेरबदल असे क्रमनिरपेक्ष असतात, तीं खात्रीनें सुटतात, हें आबेलानेंच दाखविलें होतें.

१८२५ त सरकारी साहाय्यानें तो परदेशीं निघाला. बर्लिन येथें क्रेले यांचा स्नेह जडला. त्यांच्या नव्या नियतकालिकाच्या १८२६ च्या पहिल्याच खंडांत आबेलाचे अनेक निबंध आले. पॅरिसच्या अकादमीला मात्र त्यानें ऑक्टोबर १८२६ त दिलेला मोठा निबंध कोशी या परीक्षकानें बाजूला ठेवला, आणि तो तसाच पडून राहिला. इकडे ख्रिस्तियानियाच्या विद्यापीठांत गणिताची एक जागा रिकामी झाली, ती आबेल दूर असतांना होल्म्बोंस मिळाली. तरी गुरुशिष्यांचा स्नेह तुटला नाहीं.

१८२७ त आबेल कर्ज घेऊन घरीं परतला व शिकवण्या करून राहूं लागला. क्षयानें त्याला ग्रासलें होतें. १८२८ च्या नाताळांत तो फ्रोलांड येथें आपल्या वाग्दत्त वधूकडे गेला, तो तेथून परतला नाहीं. ता. ६ एप्रिल १८२९ रोजीं, वयाच्या अवघ्या २६ व्या वर्षीं, त्यानें देह ठेवला. दोनच दिवसांनीं क्रेले यांनीं बर्लिनहून पत्र लिहिलें : नोकरी निश्चित झाली होती.

१८३० त पॅरिसच्या अकादमीनें याकोबीच्या बरोबरीनें त्याला मोठें पारितोषिक दिलें. तो निबंध मात्र १८४१ पर्यंत छापला गेला नाहीं. त्याआधींच, १८३९ त, आबेलाचे समग्र लेख संपादून प्रसिद्ध करणारे गृहस्थ होते त्याचे शाळेंतील गुरु होल्म्बो.

नॉर्वेंत २००३ पासून आबेलाच्या नांवें गणिताचें मोठें पारितोषिक दिलें जातें. २००७ सालीं तें मद्रासेंत जन्मलेल्या श्रीनिवास वरदन यांस मिळालें. त्याच देशांत शाळेंतील गणितशिक्षकांसाठींहि एक पारितोषिक आहे, आणि त्याला होल्म्बोंचें नांव दिलें आहे. विद्वानांच्या सभेंत जें रत्न ओळखलें गेलें नाहीं, तें शाळेच्या बाकावर एका शिक्षकानें ओळखलें होतें. आमचे विद्यार्थी आपलें चुकलेलें उदाहरण पुसण्यापूर्वीं तें कोठें चुकलें हें एकदां पाहतील, आणि त्यांचे पालक तें पाहण्यास त्यांना सवड देतील, तर हें चरित्र सांगण्याचा आमचा हेतु सफल होईल.