लिंकनची खरी पत्रं

शाळेच्या ऑफिसबाहेर फ्रेम करून लावलेलं ते पत्र तुम्ही नक्की पाहिलं असणार. अब्राहम लिंकनने म्हणे मुलाच्या हेडमास्तरांना लिहिलं होतं. वसंत बापटांनी ते मराठीत आणलं आणि आपल्याकडे ते घरोघरी पोचलं. पण ते लिंकननेच लिहिलं, याचा पुरावा काही सापडत नाही. त्याने खरोखर लिहिलेली पत्रं मात्र ढीगभर आहेत. त्यातली काही वाचली तर वाटतं, हा माणूस राष्ट्राध्यक्ष वगैरे नंतर; आधी हा हॉस्टेलच्या खोलीत रात्री तीन वाजता छताकडे बघत पडलेला मुलगा आहे.

तो नऊ वर्षांचा असताना आई गेली. अठराव्या वर्षी बहीण बाळंतपणात गेली. 1835 मध्ये तो न्यू सालेम नावाच्या छोट्या गावात होता. वय 26. पोस्टमास्तरकी करायची, जमिनी मोजायच्या आणि उरलेल्या वेळात वकिलीची पुस्तकं वाचायची. त्या ऑगस्टमध्ये ॲन रटलेज ही तरुणी तापाने गेली. दोघांचं लग्न ठरलं होतं का, यावर अभ्यासक आजही भांडतात. पण तिच्यानंतर लिंकन पार कोसळला, हे गावकऱ्यांनी सांगून ठेवलंय. एकटाच रानात भटकायचा, पाऊस लागला की आणखी खचायचा. लोकांनी त्याच्यावर नजर ठेवली. बोलिंग ग्रीन नावाच्या शेजाऱ्याने तर त्याला आपल्या घरी नेऊन ठेवलं. उपदेश करणारे तिथेही असतीलच म्हणा, पण कामाला आलं ते घर.

पुढे 1837 मध्ये तो स्प्रिंगफिल्डला वकिली करायला आला. गादी, उशा वगैरेची किंमत विचारली तर 17 डॉलर. खिशात तेवढे नव्हते. दुकानदार जोशुआ स्पीडने त्याचा पडलेला चेहरा बघितला आणि म्हणाला, वर माझी खोली आहे, तिथेच राहा. झाले रूममेट! पुढची जवळजवळ चार वर्षं दोघं एकत्र राहिले.

मग उजाडलं 1841. मेरी टॉडशी ठरलेलं लग्न मोडलं. लिंकन आमदार होता. ज्या रेल्वे-कालव्यांच्या योजनांना त्याने जोर लावून पाठिंबा दिला होता, त्यांनी इलिनॉय राज्य कर्जात बुडालं. आणि स्पीड दुकान विकून केंटकीला परत निघाला. तुमच्या भाषेत सांगायचं तर ब्रेकअप, करिअरचा बोऱ्या आणि रूममेट शहर सोडून चाललेला, सगळं एकाच महिन्यात. लिंकन विधिमंडळात जाईना, अंथरुणातून उठेना. स्पीडने खोलीतल्या धारदार वस्तू उचलून ठेवल्या. गावभर कुजबुज सुरू झाली.

आता त्याने काय केलं ते बघा. डॉ. ॲन्सन हेन्री हे त्याच्यावर उपचार करत होते. ते गाव सोडून जातील अशी भीती होती. लिंकनने 20 जानेवारीला वॉशिंग्टनमध्ये असलेल्या आपल्या सीनियर पार्टनरला, जॉन स्टुअर्टला, पत्र लिहिलं: या डॉक्टरांना इथलं पोस्टमास्तरचं पद मिळवून द्या, मला हा माणूस गावात हवाय. कारणही लपवलं नाही. तीन दिवसांनी दुसरं पत्र, त्यात आपण किती दुःखी आहोत आणि बरे होऊ की नाही हे सांगता येत नाही, असं साफ लिहिलं. बॉसला असा ईमेल पाठवायची हिंमत आज आपल्यातल्या किती जणांत आहे?

एवढ्यावर तो थांबला नाही. स्पीडच्या आठवणीनुसार त्याने सिनसिनाटीच्या नामांकित डॉ. ड्रेक यांनाही लांबलचक पत्र लिहून लक्षणं कळवली. उत्तर आलं, प्रत्यक्ष बघितल्याशिवाय औषध सांगणार नाही. लक्षणं टाइप करून रात्रभर सर्च करणाऱ्यांसाठी हे उत्तर आजही लागू आहे. त्या काळी या आजारावर रक्त काढणं, जुलाब, पारा असले अघोरी उपाय चालायचे. आपलं नशीब बरं, आज समुपदेशन आहे, तपासून घेतलेली औषधं आहेत. झोप, भूक, अभ्यास, मित्र, सगळ्यातलाच रस दोन आठवड्यांहून जास्त काळ उडाला असेल तर कॉलेजच्या काउन्सेलरकडे किंवा मानसोपचारतज्ज्ञाकडे जा. कुणाशी बोलावं कळत नसेल, जगणं नकोसं वाटत असेल, तर सरकारची टेलि-मानस हेल्पलाइन 14416 या नंबरवर चोवीस तास फुकट आहे, आणि ती मराठीतही बोलते.

त्या उन्हाळ्यात लिंकन लुइव्हिलजवळ स्पीडच्या घरी काही आठवडे राहायला गेला. घर श्रीमंत होतं आणि गुलामांच्या कष्टावर उभं होतं, हेही विसरायला नको. परतताना बोटीवर त्याने साखळदंडात बांधलेले बारा गुलाम पाहिले.

पुढची गोष्ट मला सगळ्यात आवडते. काही महिन्यांत स्पीडचंच लग्न ठरलं आणि आता तो घाबरून खचला. लिंकनने त्याला एकामागून एक पत्रं लिहिली. तुझ्या मनाला वाटतंय ते सगळं खरं नाही. हवा वाईट आहे, हाताला काम नाही, सोबत नाही, म्हणून नसा ताणल्यात. रिकामा बसू नकोस, लोकांत राहा, असा सगळा सूर. वर्षभरापूर्वी ज्याची काळजी घेतली जात होती, तो आता काळजी घेत होता. स्पीडने लग्न केलं. मग लिंकनने त्याला विचारलं, खरंच सुखी आहेस ना? आणि 1842 च्या नोव्हेंबरमध्ये स्वतःही मेरीशी लग्न केलं.

आता 'नैराश्य होतं म्हणूनच तो मोठा झाला' असं कुणी म्हटलं तर विश्वास ठेवू नका. त्रासाचं असं कौतुक करणं मला पटत नाही. हे दुखणं त्याला आयुष्यभर पुरलं. दोन मुलं डोळ्यांदेखत गेली. विनोदी किस्से हा त्याचा आधार होता. गुलाममुक्तीच्या जाहीरनाम्याचा मसुदा मंत्रिमंडळापुढे ठेवण्याआधी त्याने एक विनोदी लेख मोठ्याने वाचून दाखवला होता. मंत्री वैतागले.

1862 च्या डिसेंबरमध्ये फ्रेडरिक्सबर्गला त्याच्या सैन्याचा दारुण पराभव झाला. त्याच वर्षी विली हा मुलगाही गेला होता. अशात कळलं, की जुने परिचित विल्यम मॅकलो युद्धात पडले आणि त्यांची मुलगी फॅनी खोलीत कोंडून घेऊन बसली आहे. 23 डिसेंबरला राष्ट्राध्यक्षाने तिला पत्र लिहिलं. रडू नकोस, असं त्यात नव्हतं. आता तुला हे पटणार नाही, पण यातून बरं वाटायला लागतं, आणि हे मी स्वतः भोगलंय म्हणून सांगतोय, असं त्याने तिला कळवलं.