आगीपेक्षा स्तुतीचे भय

डॉ. विल्यम केरी यांचा जन्म इंग्लंडातील पॉलर्सपरी या खेड्यात १७ ऑगस्ट १७६१ रोजी झाला. जोडे शिवून ते पोट भरीत. १७९३ साली सुवार्तेसाठी ते बंगालला आले आणि १८०० पासून हुगळीकाठच्या सेरामपूर येथे मार्शमन व वॉर्ड या सोबत्यांबरोबर राहिले. आपल्या भाषेवर त्यांचे मोठे ऋण आहे. कलकत्त्याच्या फोर्ट विल्यम कॉलेजात ते बंगाली व संस्कृतबरोबर मराठीही शिकवीत. पंडित वैजनाथ यांच्या साहाय्याने त्यांनी १८०५ साली मराठीचे व्याकरण, १८१० साली मराठी-इंग्रजी कोश आणि १८११ साली मराठी नवा करार छापला. कॉलेजचा पगार ते गरजेपुरता ठेवून बाकीचा मिशनच्या कामात घालीत.

अशा कामाचा मनुष्याला अभिमान वाटणारच. आणि येथेच खरा धोका होता.

११ मार्च १८१२ च्या संध्याकाळी सेरामपूरच्या छापखान्याला आग लागली. केरी त्या वेळी कलकत्त्यास होते. कागदाचे साठे, अनेक लिप्यांचे खिळे आणि अनेक वर्षे खपून केलेल्या बहुभाषी कोशाचे हस्तलिखित जळून गेले. छपाईची यंत्रे तेवढी वाचली.

या नुकसानीबद्दल केरींनी कोणाला दोष दिला नाही. त्यांनी स्वतःच्या अंतःकरणात पाहिले. काही कामे नुकतीच पूर्णत्वास आली होती आणि मिशनच्या पसाऱ्याकडे पाहून आपण स्वतःवरच जरा जास्त खूश झालो होतो, असे त्यांना दिसून आले. आपली दृष्टी पुन्हा केवळ देवाकडे लागावी म्हणून प्रभूने आपल्याला खाली आणले, असे त्यांनी मानले. पुढच्या रविवारी त्यांनी ४६ व्या स्तोत्राच्या १० व्या वचनावर उपदेश केला. मग वितळलेला धातू राखेतून काढून नवे खिळे ओतण्यात आले आणि काम पुन्हा सुरू झाले.

बातमी इंग्लंडला पोहोचली, तेव्हा सुमारे दोन महिन्यांत नुकसान भरून निघेल एवढा पैसा जमला. केरींचे नाव घरोघरी झाले. त्या वेळी त्यांचे मित्र आणि मिशनरी सोसायटीचे चिटणीस अँड्र्यू फुलर यांनी सेरामपूरला सावधगिरीचे पत्र लिहिले. या कीर्तीने आपल्याला कंप सुटतो. स्तुतीचा हा धूप आपण हुंगू लागलो तर देव आपला आशीर्वाद आवरून घेईल, असा त्याचा भाव होता. आगीने खिळे जाळले होते. स्तुती सेवकालाच जाळू शकते, हे या मित्राने ओळखले.

केरी अखेरपर्यंत जागृत राहिले. बड्या लोकांच्या एका भोजनप्रसंगी, हे पूर्वी जोडे बनवीत होते ना, असे कोणी हिणवून विचारले. केरींनी शांतपणे दुरुस्ती केली की, बनवीत नव्हतो, केवळ जुने दुरुस्त करीत होतो. शेवटच्या आजारात तरुण मिशनरी अलेक्झांडर डफ भेटीस आले व केरींच्याच कार्याविषयी बोलत राहिले. ते निघताना केरींनी त्यांना परत बोलावून विनविले की, माझ्यामागे केरीविषयी काही बोलू नका, केरीच्या तारणाऱ्याविषयी बोला. ९ जून १८३४ रोजी ते प्रभूजवळ गेले. त्यांच्या इच्छेप्रमाणे कबरेवर नाव, तारखा आणि आयझॅक वॉट्स यांच्या गीताच्या दोन ओळी एवढेच कोरले आहे. देवाच्या हाती स्वतःला सोपवणाऱ्या एका असहाय पाप्याचे ते उद्गार आहेत.

प्रिय वाचकहो, निंदेच्या वेळी आपण सहज गुडघे टेकतो. वर्ग भरलेला असतो, मुलांना वचने पाठ असतात, मंडळीत आपले कौतुक होते, त्या दिवशी मात्र प्रार्थना राहून जाते. रविवारच्या शाळेच्या शिक्षकांनी आपला हा दिवस ओळखावा. लावणारा व पाणी घालणारा कोणी असो, वाढ देवच देतो. कौतुक कानी पडले तर ते हातात धरून ठेवू नये, त्याच घडीला प्रभूच्या चरणी ठेवावे.