मातोश्रींचा जमाखर्च

परळी वैजनाथाच्या देवळाचा जीर्णोद्धार अहिल्याबाई होळकर यांनीं केला, हें बीड जिल्ह्यांत सर्वश्रुत आहे. त्यांचा जमाखर्च मात्र थोड्यांसच ठाऊक. दौलतीचा खजिना निराळा, खासगीचा निराळा. घाट, धर्मशाळा व देवळें खासगींतून. १७५४ सालीं वैधव्य आलें, १७६६ त सासरे मल्हारराव व १७६७ त पुत्र मालेराव निवर्तले. कन्या मुक्ताबाई तेवढी उरली. तरी पहाटे पूजा, मग अन्नदान, त्यानंतर स्वतःचें साधें शाकाहारी भोजन, दुपारीं कचेरी, रात्रीं पुन्हा कागदपत्र, हा क्रम महेश्वरीं २८ वर्षें चालला. आमच्यांतील कित्येक पेढीवाले गृहस्थ पत्नीच्या हातीं घरखर्चाची वहीहि देत नाहींत. मल्हाररावांनीं १७६५ सालीं सुनेस तोफखाना घेऊन ग्वाल्हेरीकडे जाण्याविषयीं लिहिलें होतें.